गावरान आंबा (मराठवाडा)

कलम न बांधता थेट कोयीपासून उगवलेल्या झाडाचा आंबा म्हणजे गावरान आंबा. पुस्तकांत त्याला रायवळ असेही म्हणतात. मराठवाड्यात मात्र बोलण्यात गावरानच. बांधावर, विहिरीच्या काठाला, ओढ्याच्या कडेने ही झाडे एकेकटी किंवा आमराईत उभी असतात. शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. हापूस आणि केसरही याच प्रजातीतले.

गावरान ही एक जात नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. भारतातल्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार होतो. मोहोरावर माश्या कोणत्या झाडाचा पराग आणतील याचा नेम नाही. त्यामुळे साखरेसारख्या गोड आंब्याची कोय लावली तरी येणारे झाड आंबट निघू शकते. (केरळ किनाऱ्यावरच्या काही आंब्यांत एका कोयीत अनेक गर्भ असतात आणि रोपे आईसारखीच निघतात; मराठवाड्यात तसे नाही.) म्हणजे इथले प्रत्येक गावरान झाड ही स्वतःच एक जात आहे. ते झाड गेले की त्याची चव कायमची संपते. कोयी कितीही जपून ठेवल्या तरी ती परत येत नाही.

म्हणूनच नावे झाडांना पडली. पिकल्यावर शेपूच्या भाजीसारखा वास येतो तो शेप्या. देठाजवळ तांबूस झाक येते तो शेंदऱ्या, लांबट असतो तो केळ्या, लहान नि गोल तो गोट्या. कच्चेपणीही फारसा आंबट न लागणारा, पांढऱ्या कुरकुरीत गराचा खोबऱ्या पोरांच्या विशेष आवडीचा. साखऱ्याची ओळख नावातच आहे. एका गावचा शेप्या आणि शेजारच्या गावचा शेप्या यांचे नाते मात्र बहुधा नावापुरतेच.

गावरान आंब्याचा उपयोग झाडागणिक ठरलेला असतो, आणि घरातल्या बायांना तो तोंडपाठ असतो. पातळ, रेषाळ गराचा आंबा रसाला. लहान, पातळ सालीचा आंबा चोखायला: हातात मऊ करायचा, देठाकडचा चीक पिळून टाकायचा आणि तोंडाला लावायचा. कापून फोडी कराव्यात असा गावरान आंबा विरळाच, कारण रेषा सुरीला दाद देत नाहीत. रेषा हा दोष मानणे मला पटत नाही. रस हाताने पिळायचा असतो तेव्हा त्याच रेषा कोयीला धरून राहतात आणि खाली पातळ, वाहता रस उतरतो. केसरचा दाट गर वाटीत चमच्याने खायला उत्तम, पण पुरणपोळी किंवा हातशेवया बुडवून खायला गावरानाचाच रस हवा. त्यात तुपाची धार आणि चिमूटभर सुंठ घालतात. अक्षय तृतीयेला पितरांच्या पानावर रस वाढल्याशिवाय आंबा न खाण्याचा नेम अनेक घरांत अजून पाळला जातो.

लोणच्याचे झाड वेगळेच. त्याची कैरी करकरीत आंबट, जाड गराची आणि पूर्ण कोय धरलेली लागते. कोवळी कैरी बरणीत मऊ पडते. मृगाच्या तोंडावर कैऱ्या उतरवायच्या, धुऊन पुसून कोरड्या करायच्या आणि अडकित्त्याने कोयीसकट फोडायच्या. मग मीठ, हळद, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट आणि वरून गार केलेले तेल. करडई पिकवणाऱ्या या भागात ते तेल पूर्वी करडईचेच असे. लोणच्याचे झाड गोड निघाले नाही म्हणून त्याला कुणी कमी लेखत नसे. अख्ख्या गावाच्या बरण्या अशा दोन-चार झाडांवर भरत.

कैरीचे बाकीचे पदार्थ उन्हाळाभर चालू असतात. किसलेल्या कैरीत गूळ, तिखट, मीठ घालून वर मेथीची फोडणी दिली की तक्कू झाला. भाकरीबरोबर तो भाजीची उणीव भासू देत नाही. वरणात चिंचेऐवजी कैरीची फोड पडते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे. पन्ह्यासाठी कैरी उकडतात, पण चुलीच्या आरात भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला जो धुरकट वास येतो तो उकडलेलीला येत नाही. पारा चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या या प्रदेशात ते पेय आणि औषध दोन्ही आहे. वाळवलेल्या फोडींची आंबोशी पावसाळ्यात आमटीला येते.

पाड लागला, म्हणजे झाडावरच एखाददुसरा आंबा पिकून पडू लागला, की उतार सुरू होतो. उतरवलेले आंबे गवताच्या किंवा पाचटाच्या थरांत अढी घालून पिकवतात. काही गावांत तिला माच म्हणतात. झाड साधारणपणे एका वर्षाआड भरून येते. व्यापारी पुष्कळदा मोहोर पाहूनच झाड उक्ते घेत. जमिनीच्या वाटण्या झाल्या तरी आंब्याचे झाड भावकीत सामाईक ठेवण्याची रीत होती, आणि झाडातला हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदलेला आढळतो.

ही झाडे कमी होण्याची कारणे उघड आहेत. उंच, डेरेदार झाडाखाली पीक येत नाही. लहान झालेल्या वाट्यात ती सावली परवडत नाही. लाकडाला वखारीत भाव मिळतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा आहे, म्हणजे परवानगीशिवाय तो तोडता येत नाही. तरी आमरायांचे बांध मोकळे होत गेले. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून नवी लागवड झाली ती बव्हंशी कलमांची, त्यातही केसरची. ‘मराठवाडा केसर आंबा’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, याचा आनंदच आहे.

पण केसरचा इतिहासच गावरानाची बाजू मांडतो. १९३१ साली गुजरातेतल्या जुनागढ संस्थानच्या वजिराने एका चांगल्या आंब्याची कलमे वंथलीत लावली. मग गिरनारच्या पायथ्याशी सुमारे ७५ कलमे लागली आणि १९३४ मध्ये नवाबाने गराचा रंग पाहून त्याला केसर नाव दिले. कलमे बांधली गेली म्हणून तो आंबा राहिला. आजही केसरचे रोप उभे असते ते गावरान कोयीच्या मुळावरच.

गावातले एखादे झाड राखायचे असेल तर त्याचे कलमच बांधावे लागते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार असा वाण शेतकऱ्याच्या नावे नोंदवताही येतो. कलम ज्यावर बांधायचे ते रोप कोयीचेच लागते. त्यासाठी रस काढून झाल्यावर ताज्या कोयी लगेच लावाव्यात, कारण काही आठवड्यांतच त्यांची उगवण जाते. कोरडवाहू रानात कोय कायमच्या जागेवरच लावून तिथेच कलम बांधलेले बरे. सोटमूळ न तुटता खोल जाते. कलमकाडी, म्हणजे राखायच्या झाडावरून कलमासाठी घेतलेली काडी, तीन-चार महिन्यांच्या फुटीची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला असावा. आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ राखून छाटतात. कापलेली काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून शक्यतो त्याच दिवशी बांधतात. फार जुन्या झाडावर अशी फूट मिळत नाही. त्याची एखादी फांदी वर्षभर आधी छाटून नवी फूट काढून घ्यावी लागते.