थर्मामीटरला न दिसणारा ताप

थर्मामीटरवर १०४ दिसला की घरात पळापळ होते. ताप डोक्यात जाईल, मेंदूला इजा होईल अशी धास्ती वाटते. तोच आकडा १००.५ असेल तर ‘अंग जरा कोमट आहे’ म्हणून सगळे निवांत. पण महिन्याभराच्या तान्ह्या बाळाचा १००.५ हा पाणी पिणाऱ्या, मधूनच खेळणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाच्या १०४ पेक्षा कितीतरी जास्त घाईचा असतो. असं का, ते कळायला ताप चढतो कसा हे बघावं लागतं. मला तर शरीरशास्त्रातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. पहाटे ते थोडं कमी असतं, संध्याकाळी थोडं जास्त. जंतूंशी गाठ पडली की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे रासायनिक निरोप रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कॉक्स-२ हे एन्झाइम वाढतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं. ते हायपोथॅलॅमसच्या ईपी-३ रिसेप्टरवर (निरोप पकडणाऱ्या जागेवर) बसलं की तिथलं ठरलेलं तापमान ३७ वरून, समजा, ३९.५ वर सरकतं.

आता शरीर ३७.५ वर आहे आणि मेंदूला हवेत ३९.५. म्हणजे मेंदूच्या हिशेबी शरीर गार पडलंय! त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. कपाळ तापलेलं आणि तळहात बर्फासारखे, वर हुडहुडी, हे कोडं इथे सुटतं. अशा वेळी बर्फाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या तर कापरं आणखी वाढतं. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच कमी करतं, ठरलेलं तापमान खाली येतं आणि मग दरदरून घाम फुटतो.

थोडक्यात, ताप शरीराने स्वतःच्या ताब्यात ठेवून चढवलेला असतो. साध्या संसर्गात तो सहसा ४१ अंशांच्या (सुमारे १०६ फॅरनहाइट) पुढे जात नाही आणि तेवढ्याने मेंदू बिघडत नाही. फायदाही असतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जंतूंची लागण केलेल्या वाळवंटी इग्वाना सरड्यांना वेगवेगळ्या तापमानात ठेवलं, तेव्हा जास्त उबेतले सरडे जास्त जगले. ‘इम्युनिटी वाढवणारी’ पावडर विकणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं, ताप हे त्या इम्युनिटीचंच काम आहे.

उष्माघात मात्र वेगळा. तिथे हायपोथॅलॅमसने तापमान वाढवून मागितलेलंच नसतं. उष्णता बाहेर टाकणं जमेनासं होतं. म्हणून पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. उन्हातून आलेला किंवा कोंदट जागी काम करणारा माणूस तापलेला आहे आणि असंबद्ध बोलतोय, तर त्याला तिथल्या तिथे पाण्याने, बर्फाने गार करायला लागायचं आणि अँब्युलन्स बोलवायची.

मग डॉक्टरकडे कधी? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ (३८ सेल्सिअस) किंवा जास्त असेल तर लगेच, बाकी काही दिसत नसलं तरी. केमोथेरपी चालू असलेल्यांनाही तोच नियम. वृद्धांमध्ये गंभीर संसर्गातही बऱ्याचदा ताप फारसा चढत नाही, अचानक आलेला गोंधळलेपणा हीच कधी कधी खूण असते. इतरांमध्ये आकड्यापेक्षा माणूस बघायचा: धाप, ताठ मान, ग्लानी, लघवी जवळजवळ बंद होणं. अंगावर लालजांभळे ठिपके असतील तर काचेचा पेला त्यावर दाबून बघा. ते फिके पडले नाहीत तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. लहान मुलांना तापात आकडी येते ती बहुधा निरुपद्रवी असते. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. पहिलीच आकडी असेल तर ती थांबल्यावर लगेच दाखवून घ्या, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर अँब्युलन्स. आणि यातलं काही नसलं तरी तीन दिवसांत ताप हटला नाही तर दाखवावंच.

गोळीने ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका; गंभीर संसर्गातही पॅरासिटामॉल ताप उतरवू शकतं. डेंग्यूत तर धोक्याची वेळ बऱ्याचदा ताप उतरताना येते. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं यातलं काहीही दिसलं, तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी हॉस्पिटलमध्ये जायचं.