मातीकाम व झाडकटाईची वाहने (ग्रामीण विदर्भ)

विदर्भाच्या खेड्यांत वावरातली झाडे काढणे, लाकूड वाहणे, धुरे (बांध) सरळ करणे, शेततळे खोदणे, पांदण (शेताकडे जाणारी गाडीवाट) भरणे, घराचा पाया काढणे अशी कामे घेणारे लहान ठेकेदार जी वाहने व यंत्रे वापरतात, त्यांचा हा समूह. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि जेसीबी ही त्यातली मुख्य तीन. ही कामे पूर्वी बैलबंडी, कुऱ्हाड, टिकास, सब्बल आणि घमेल्यावर होत. बंडी अजून आहे, पण ती आता घरच्या कामापुरती.

ट्रॅक्टर बहुधा ३५ ते ५० अश्वशक्तीचा असतो आणि तो आधी शेतीसाठी घेतलेला असतो. ठेकेदारी नंतर येते. त्यामुळे यंत्र एकच आणि त्यामागची अवजारे बदलती, अशी या धंद्याची घडण आहे. आज रोटाव्हेटर, उद्या ट्रॉली, परवा विहिरीवर सुरुंगाची भोके पाडणारा कंप्रेसर. इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याचे, म्हणजे पीटीओचे, मिनिटाला ५४० फेरे हे त्यावर चालणाऱ्या अवजारांचे सामाईक माप आहे.

ट्रॉलीचे दोन प्रकार आहेत. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, मागची चाके जमिनीला दाबून धरली जातात आणि ओल्या पांदणीतही पकड राहते. हायड्रॉलिक जॅक असला तर मुरूम क्षणात ओतता येतो. चारचाकी ट्रॉली जास्त माल नेते, पण तिचा पुढचा एक्सल फिरता असल्याने अरुंद पांदणीत ती मागे घेणे हे मुरलेल्या चालकाचेच काम. लहान ठेकेदाराने पहिली ट्रॉली दोनचाकी घ्यावी. मात्र लाकूड भरताना जड बुंधे एक्सलच्या मागे गेले, तर हुक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची पकडच जाते. भार थोडा पुढे झुकलेला हवा. ओल्या बाभळीचा घनमीटरभर ओंडका टनाच्या आसपास भरतो. लाकूड धर्मकाट्यावर (वाहनासकट वजन करणाऱ्या काट्यावर) मोजून विकायचे असल्याने ट्रॉली शिगोशीग भरण्याचा मोह होतो, तेव्हा हे वजन लक्षात ठेवावे.

मातीचे माप ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एका ब्रासची, सहाचाकी टिप्पर दोन ते तीन ब्रासचा. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या शेततळ्यातून २,१९६ घनमीटर, म्हणजे पावणेआठशे ब्रास माती निघते. खोदलेली माती फुगते, त्यामुळे ट्रॉल्यांचा हिशेब याहून वर जातो. ठेका ठरवताना ब्रास खड्ड्यात मोजायचा की ट्रॉलीत, हे आधी बोलून घेतलेले बरे, कारण गावातली अर्धी भांडणे इथूनच निघतात.

जेसीबी हे खरे तर एका कंपनीचे नाव. ही कंपनी भारतात १९७९ मध्ये आली. पुढे बादली व मागे खोदणारा हात असलेल्या कोणत्याही यंत्राला लोक जेसीबीच म्हणतात. साखळीवर चालणाऱ्या खोदयंत्राचे ‘पोकलेन’ हे नावही तसेच, एका फ्रेंच कंपनीवरून आलेले. जेसीबीचे वजन साडेसात टनांच्या आसपास आणि खोदाई साडेचार मीटरच्या वर. पोकलेनची ताकद अधिक, साखळीमुळे जमिनीवरचा दाब कमी आणि कातळावर ब्रेकर लावून ते दिवसभर चालते. तरी खेड्यातल्या लहान ठेकेदाराकडे जेसीबीच दिसतो. तो आपल्या टायरवर एका गावाहून दुसऱ्या गावी जातो. पोकलेन न्यायला वेगळा ट्रेलर लागतो, आणि दोन तासांच्या कामासाठी तो खर्च निघत नाही.

काम तासावर चालते आणि यंत्रातल्या तासमीटरवर मोजले जाते. डिझेल कोणाचे, हेही आधीच ठरते.

झाडे काढण्याचे काम सर्वांत नाजूक. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात जुन्या संत्राबागा काढाव्या लागतात. संत्र्याची बहुतेक तंतुमुळे वरच्या दोन फुटांत असल्याने भोवती चर घेऊन एका बाजूची मुळे तोडली की झाड बादलीच्या ढकलण्याने येते. बाभूळ तशी येत नाही. तिचे सोटमूळ खोल जाते आणि तिथेच लोक ट्रॅक्टरला साखळी बांधतात. साखळी टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा मागच्या एक्सलच्या वर बांधली आणि खुंट हलला नाही, तर पुढची चाके उचलली जातात व ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडतो. सावरायला वेळच मिळत नाही. साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ओढकामाच्या पट्टीला) बांधावी, ओढ सावकाश द्यावी, आणि ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. क्लीनर पोराला तर अजिबात नाही.

मातीकामात लक्ष ठेवायचे ते थरांवर. पश्चिम विदर्भात वर काळी माती, खाली पांढरट किंवा मुरमाड थर असतो. ऑपरेटर घाईत असला की मुरूम वर आणि काळी खाली होते, मग त्या पट्ट्यात पऱ्हाटी (कपाशी) वर्षानुवर्षे खुजी राहते. चांगला ठेकेदार वरची फूट-दीड फूट काळी माती बाजूला काढून ठेवतो आणि शेवटी पसरतो. त्याला तास थोडे जास्त लागतात, पण वावर वाचते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात खालचा खारट थर वर आणणे तर अधिकच घातक.

कामांचा ओघ सरकारी योजनांनी वाढला. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान, २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे, २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावांचा (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांचा) गाळ काढणे हेही मोठे काम.

कागदपत्रांत ट्रॉली हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वेगळे वाहन आहे, तिची नोंदणीही वेगळी. मुरूम हे गौण खनिज असल्याने स्वामित्वधन भरून पास घ्यावा लागतो. विनापरवाना वाहतुकीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली दंड होतो व वाहन अडकते. साग, मोह, आंबा, चिंच, खैर, ऐन, बिजा यांसारखी झाडे मालकीच्या वावरात असली तरी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते. सागाच्या ओंडक्यावर वनविभागाच्या हातोड्याचा शिक्का आणि सोबत वाहतूक परवाना नसेल तर ट्रॉली नाक्यावर थांबते. रात्री ट्रॉलीच्या मागे दिवा वा रेडियम पट्टी नसणे हा मात्र नियमापेक्षा जिवाचा प्रश्न आहे, आणि तिकडे फार दुर्लक्ष होते.

हंगाम रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंतचा. पाऊस लागला की काळी माती फुगते, टायरला लगदा चिकटतो आणि जेसीबी वावरात उतरत नाही. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात मात्र तेच ट्रॅक्टर ट्रॉली सोडून, लोखंडी केजव्हील (पिंजऱ्यासारखी चाके) लावून, बांध्यांत (धानाच्या खाचरांत) चिखलणीला जातात.