बंदोबस्त वाढला की विश्वास आपोआप वाढतो?

"संघर्ष थांबला, चौकाचौकात बंदूकधारी उभे केले, की लोकांना सुरक्षित वाटतं आणि सरकारवर विश्वास बसतो." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण निम्मा खरा आहे. जिवाची धास्ती असताना कुणाचाच सरकारवर भरवसा राहत नाही.

गडबड उरलेल्या निम्म्यात आहे. ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड घ्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतल्या तीसेक वर्षांच्या हिंसाचारात तिथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. सैन्य, तपासणी नाके, चिलखती गाड्या, कशाचीच कमी नव्हती. पण बऱ्याच कॅथलिक वस्त्यांना तो बंदोबस्त आपल्यासाठी नाही, आपल्याविरुद्ध वाटे. लोकसंख्येत ते ४० टक्क्यांहून जास्त आणि पोलिसांत जेमतेम ८ टक्के, मग दुसरं काय वाटणार? १९९८ च्या शांतता करारानंतर, २००१ मध्ये पोलिस दलाचं नाव बदललं, पाठोपाठ बोधचिन्हही. पुढची दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांतून झाली आणि त्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात गेलं. विश्वास वाढला तो असा, हळूहळू आणि अर्धवट. राजधानी बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंतीलगत काही घरांच्या परसावर करारानंतरही जाळीचे पिंजरे राहिले, पलीकडून दगड येऊ नये म्हणून. काही भिंतींची फाटकं रात्री बंदच होत.

पडताळायचं कसं? नुसता गुन्ह्यांचा आकडा पाहू नका. "अंधारात एकटं चालायला भीती वाटते का?", "तक्रार द्यायला ठाण्यात जाल का?" या प्रश्नांची उत्तरं समाजवार बघा, सरासरी फसवते. उत्तर आयर्लंडमधल्या जनमत पाहण्यांचे धर्मनिहाय तक्ते इंटरनेटवर फुकट मिळतात.