पुळणीच्या जमिनीला एकदाच घातलेले शेणखत पुरते का?

‘पुळणीच्या जमिनीत एकदा भरपूर शेणखत घातले की ती कायमची सुपीक होते,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. पहिल्या वर्षी माडाला येणारी तरतरी पाहता तो पटणे स्वाभाविकच आहे. मात्र रेतीचे जाड कण पाणी धरून ठेवत नाहीत. ते काम खतातला सेंद्रिय अंश करतो, आणि कोकण किनाऱ्याच्या उष्ण, दमट हवेत तो झपाट्याने कुजून संपतो, तर त्यातून सुटलेले नत्र पावसाच्या पाण्याबरोबर मुळांच्याही खाली झिरपते. म्हणून चांगले कुजलेले खत दरवर्षी आळ्यात घालावेच लागते. पडताळण्यासाठी, तळाला भोके पाडलेल्या दोन डब्यांत नुसती कोरडी रेती आणि खत मिसळलेली कोरडी रेती भरावी, सारखेच पाणी ओतावे आणि खाली गळलेले पाणी मोजावे.