पार्श्वभूमी : चीज कागदावर उतरली तेव्हा

एकाच चिजेचे, म्हणजे गायच्या बंदिशीचे, दोन गायकांकडे दोन मुखडे (सुरुवातीच्या ओळी) निघाले, की ग्वाल्हेरात वाद ठरलेला: अस्सल कुठला? या वादाच्या मुळाशी जायला राजा मानसिंह तोमरांच्या काळातल्या ध्रुपदापर्यंत, म्हणजे ख्यालाआधीच्या गायकीपर्यंत, मागे जायची गरज नाही. १९१४ ते १९१८ एवढा काळ पुरतो: चिजा स्वरलिपीत, म्हणजे स्वरांच्या लेखी खुणांत, छापून शिकवायच्या हा निर्णय इथे तेव्हाच झाला.

त्याआधी चीज गळ्यातून गळ्यात जायची. वही असलीच तर शब्दांपुरती. एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरची ख्यालगायकी इथून मिरज-इचलकरंजीकडे गेली तीही शिष्याच्या गळ्यातूनच, आणि नव्या गळ्यात बसताना थोडी बदललीच. ब्रजभाषेतले अनोळखी शब्द ओळखीच्या उच्चारांकडे सरकले, अवघड जागा सोप्या झाल्या, काही सोप्या अवघड झाल्या. शिंदे दरबारातल्या दोघा भावांनी लपून बसून दुसऱ्या उस्तादाच्या ताना उचलल्या, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. हुबेहूब उचलण्याची ही कथा स्वतः मात्र सांगणाऱ्यागणिक वेगळी असते.

केंब्रिजच्या एका मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली नेमकं हेच प्रयोगांतून मांडलं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक कथा त्याने इंग्रज वाचकांना देऊन आठवणीतून लिहायला लावली. एकाने लिहिलेली पुढच्याला वाचायला देऊनही पाहिलं. कथा आखूड होत गेली, सीलच्या शिकारीची साधी मासेमारी झाली, भुतं गळून गेली. नुसतं विसरणं नव्हतं ते. जो तो कथा आपल्याला पटेल अशी सरळ करून घेत होता. १९७६ साली कल्पना जनुकांसारख्या नकलेनं पसरतात ही मांडणी गाजली. तिच्यावरचा मोठा आक्षेप असा, की मन नक्कल करत नाही, मिळालेल्या खुणांवरून नव्यानं घडवतं. तालीम जवळून पाहिलेल्या कुणालाही हे नवल वाटणार नाही.

आता मूळ निर्णय. १९१४ साली घराण्यातल्याच एका गायकाने शहरात शाळा काढली होती. १९१८ साली दरबाराच्या आश्रयाने दुसरी निघाली, आणि तिथे ठरलं की शिकवणं छापील स्वरलिपीवर, नेमलेल्या अभ्यासक्रमाने होईल. लिपी शिकण्यासाठी इथले गायक आधी मुंबईला पाठवले गेले होते. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. बडोद्यात १८८६ पासून गायनशाळा होती, लाहोरात १९०१ पासून वेगळ्या लिपीवर शिकवणं चालू होतं, आणि १९१६ च्या बडोद्यातल्या परिषदेत शिस्तबद्ध शिक्षणाचा मुद्दा ठळकपणे आला होता. पण ग्वाल्हेर हे ख्यालाचं माहेरघर; इथे हे होणं अनेकांच्या जिव्हारी लागलंच.

विरोधकांचं म्हणणं साधं होतं आणि बरंचसं खरं होतं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर, स्वरावरून स्वरावर घसरत जाणाऱ्या मींडेला कमान: एवढ्यात सांगाडा येतो. गंधार किती झुलवायचा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना श्वास कुठे चोरायचा, शब्द किती दाबायचा, हे लिहिता येत नाही. मला मात्र त्यांची एक बाजू लंगडी वाटते. तोंडी तालमीत चीज जशीच्या तशी टिकते असं ते गृहीत धरत, आणि वर सांगितल्याप्रमाणे तसं कधीच नव्हतं. लिपीने बदल थांबवला नाही, त्याची जागा हलवली. पूर्वी चार घरांत चार पाठ नांदत. छापल्यावर एक पाठ 'बरोबर' झाला आणि उरलेले चुका ठरू लागले. दुसरीकडे, ज्या मुलींना आणि मध्यमवर्गीय मुलांना कुणा उस्तादाने गंडा बांधून शिष्य केलं नसतं, त्यांच्यापर्यंत चिजा पोचल्या त्या याच पुस्तकांमुळे. हे श्रेय घराणेवाले अजून मोकळ्या मनाने देत नाहीत.

पुढचं लवकर घडलं. ग्रामोफोनच्या तबकडीच्या तीनेक मिनिटांत ख्याल बसवताना विस्तार गेला, ताना राहिल्या, आणि तबकडीवरून शिकलेल्यांना तेच प्रमाण वाटलं. परीक्षांनी पुस्तकी पाठाला गुणांचं बळ दिलं. २००८ मध्ये शहरात संगीताचं विद्यापीठही आलं.

आता तालमीत फोन चालू असतो. नक्कल इतकी तंतोतंत निघते, की त्या दिवशी गुरुजींचा आवाज बसला होता म्हणून सोडलेला तार षड्ज (वरचा सा) शिष्यही सोडतो. गुरुजी तो पुढच्या आठवड्यात लावतात, आणि शिष्य विचारतो, हे नवीन कधी घेतलंत?