जूनो (चित्रपट, २००७)

जूनो : सोळा वर्षांची शाळकरी मुलगी गरोदर राहते आणि बाळ दत्तक द्यायचे ठरवते, त्या नऊ महिन्यांची गोष्ट सांगणारा अमेरिकी विनोदी चित्रपट. लांबी ९६ मिनिटे. दिग्दर्शन जेसन राइटमन यांचे, तर पटकथा डायब्लो कोडी यांची. चित्रपटासाठी लिहिलेली ही त्यांची पहिलीच पटकथा. जूनोची भूमिका एलियट पेज यांनी केली; त्यांनी पुढे आपण पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असल्याचे जाहीर करून नाव बदलले, म्हणून चित्रपटाच्या जुन्या प्रतींवर त्यांचे आधीचे नाव दिसते. मायकेल सेरा (बाळाचा बाप पॉली ब्लीकर), जेनिफर गार्नर व जेसन बेटमन (दत्तक घेऊ पाहणारे व्हनेसा आणि मार्क लोरिंग), जे. के. सिमन्स (वडील) आणि ॲलिसन जॅनी (सावत्र आई ब्रेन) हे इतर प्रमुख कलाकार.

कथा मिनेसोटा राज्यात घडते आणि शरद, हिवाळा, वसंत, उन्हाळा अशा चार ऋतूंत विभागलेली आहे. एकाच दिवसातली तिसरी गर्भचाचणीही तेच उत्तर देते, तेव्हा जूनो ही बातमी पॉलीला सांगायला जाते. त्याच्या घरासमोरच्या गवतावर ती खुर्चीसकट अख्खा दिवाणखाना मांडते आणि तोंडात पाइप धरून त्याची वाट पाहत बसते. घाबरलेल्या मुलीने आणलेला हा मोठेपणाचा आव आहे. चित्रपटातला बराचसा विनोद असाच, भीती झाकण्यासाठी पुढे केलेला आहे. गर्भपात करायला गेलेली जूनो दवाखान्यातून परत फिरते. जाहिरातींच्या पत्रकात तिला लोरिंग दांपत्य सापडते आणि बाळ त्यांना द्यायचे ठरते.

सुरुवातीच्या संवादांबद्दल नेहमी तक्रार होते. पहिली पंधरा-वीस मिनिटे पात्रे इतकी चटपटीत बोलतात की खरी माणसे अशी बोलत नाहीत, असे वाटून काही प्रेक्षक तिथेच वैतागतात. पण थोडा धीर धरावा. पोट जसजसे वाढते, तसतशी जूनोची वाक्ये आखूड होत जातात, आणि मार्क घर सोडायचे म्हणतो तेव्हा तिला एकही चतुर उत्तर सुचत नाही. पटकथेची खरी कारागिरी इथे आहे. मार्क जाहिरातींसाठी संगीत रचतो. त्याची गिटार आणि त्याच्या सगळ्या वस्तू घरातल्या एका खोलीत कोंबलेल्या आहेत. जूनोला सुरुवातीला तोच जवळचा वाटतो आणि शिस्तीची, टापटिपीची व्हनेसा परकी. पुढे मॉलमध्ये व्हनेसा गुडघ्यांवर बसून जूनोच्या पोटातल्या बाळाशी बोलते आणि पारडे फिरते. मोठे कोण आणि पोर कोण, हा या चित्रपटाचा खरा प्रश्न आहे. गरोदरपण हे तो विचारण्याचे निमित्त.

मार्कचा घर सोडायचा बेत कळल्यावर जूनो हाताला लागलेल्या कागदावर काहीतरी खरडते आणि लोरिंगांच्या दारात ठेवून जाते. कागदावर काय लिहिले आहे ते प्रेक्षकाला कळत नाही. शेवटी बाळाच्या खोलीतल्या भिंतीवर तीच चिठ्ठी चौकटीत लावलेली दिसते : तुमची तयारी अजून असेल, तर माझीही आहे. एका ओळीचा हा करार कथेतल्या सगळ्या वकिली बोलण्यांपेक्षा भारी ठरतो. दुय्यम पात्रेही अशाच लहान गोष्टींनी उभी राहतात. जूनोला कुत्र्यांची ॲलर्जी आहे म्हणून ब्रेनने कुत्री पाळायची हौस वर्षानुवर्षे मारलेली असते. सोनोग्राफी करणारी बाई जूनोला टोमणा मारते, तेव्हा हीच ब्रेन तिची अशी खरडपट्टी काढते की सावत्र आईचे ठरीव चित्र तिथेच मोडते.

कायद्याच्या बाबतीत मात्र चित्रपट सोपा रस्ता धरतो. त्या काळात मिनेसोटामध्ये अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताआधी आई-वडील दोघांनाही ४८ तास अगोदर कळवणे किंवा न्यायाधीशाची परवानगी घेणे सक्तीचे होते. जूनो घरी कुणाला न सांगता दवाखान्यात जाते आणि ही अडचण कुठे उच्चारलीही जात नाही. तसेच तिथे दत्तक देण्याच्या संमतीवर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत सही करता येत नाही आणि सहीनंतरही काही दिवस ती मागे घेता येते. पडद्यावर हा ताणाचा काळ गळून गेला आहे. दत्तक देण्याची खरी प्रक्रिया समजून घेण्यासाठी या चित्रपटावर विसंबू नये.

निर्मितीचा खर्च ६५ ते ७५ लाख डॉलर. चित्रीकरण २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅनडातील व्हँकूवर व आसपास, सुमारे ३० दिवसांत झाले. हिवाळ्याच्या दृश्यांसाठी कृत्रिम बर्फ आणायचे ठरले होते. पण खरेच बर्फ पडले आणि वेळापत्रक फिरवून ती दृश्ये तेव्हाच उरकली गेली. सुरुवातीची श्रेयनामावली ‘शॅडोप्ले स्टुडिओ’ने हाताने घडवली. ट्रेडमिलवर चालणाऱ्या पेज यांची निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रे काढली, ती छापून त्यांच्या पुन्हा पुन्हा झेरॉक्स काढल्या. कडा फाटक्या आणि रंग उडालेले दिसू लागले, तेव्हा आकृत्या कात्रीने कापून एकामागून एक चित्रित केल्या. अशी सुमारे ९०० चित्रे लागली. शाळेच्या वहीत चिकटवल्यासारखा तो ओबडधोबडपणा संगणकावर सहज साधला नसता. संगीताचा सूरही तसाच आहे : जूनो काय ऐकत असेल, असे राइटमन यांनी विचारल्यावर पेज यांनी गायिका किम्या डॉसन यांचे नाव सुचवले आणि त्यांची घरगुती वाटणारी गिटारगाणी चित्रपटभर पसरली. जानेवारी २००८ मध्ये हा गीतसंग्रह ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

सप्टेंबर २००७ मध्ये टेल्युराइड आणि टोरांटो महोत्सवांत दाखवल्यानंतर वितरक फॉक्स सर्चलाइटने ५ डिसेंबरला चित्रपट अवघ्या सात पडद्यांवर लावला आणि बोलबाला वाढू देऊन नाताळात देशभर नेला. जगभरातली कमाई २३ कोटी डॉलरच्या वर गेली. ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेत्री या विभागांतही नामांकने होती; पुरस्कार मिळाला तो कोडी यांच्या मूळ पटकथेला. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवले. गर्भपाताच्या वादातल्या दोन्ही बाजूंनी त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टरच्या शाळेत एकाच वर्षी बऱ्याच मुली गरोदर राहिल्यावर चित्रपट पाहून मुलींना गरोदरपणाचा मोह पडतो, अशा अर्थाचा ‘जूनो इफेक्ट’ हा शब्द वृत्तपत्रांत फिरू लागला. तो या कथेवर अन्याय करणारा आहे. बाळंतपणानंतर इस्पितळातल्या अरुंद खाटेवर, धावण्याच्या शर्यतीतून थेट आलेला पॉली रडणाऱ्या जूनोशेजारी मुकाट पडून राहतो. त्या दृश्यात कुणाला मोह पडावा असे काहीच नाही.

शेवटच्या दृश्यात उन्हाळा आहे. जूनो सायकलवरून पॉलीकडे येते आणि दोघे पायरीवर बसून गिटारवर एक साधे गाणे म्हणतात. हे दृश्य मुद्दाम चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवसासाठी राखले होते, पण पावसाने घात केला. काही महिन्यांनी सगळे पुन्हा व्हँकूवरला जमले आणि चित्रपटाला हवी होती ती खरी हिरवळ मिळाली.