जड रायफलीचा धक्का आणि स्कोप: पावणेदोनशे वर्षांची पार्श्वभूमी

चाप ओढला की गोळी पुढे जाते आणि रायफल मागे येते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. वर नेम धरण्यासाठी बसवलेली दुर्बीण, म्हणजे स्कोप, मात्र आपणहून मागे येत नाही. तो जागीच राहू पाहतो आणि रायफल त्याला धरून ठेवणाऱ्या कड्यांनी, म्हणजे रिंगांनी, पकडून ओढत नेते. चार किलोच्या आसपासची, .३०-०६ काडतुसाची रायफल साधारण २७ जूल ऊर्जेने खांद्यावर येते. तशाच वजनाची .३७५ एच अँड एच मॅग्नम ५० जूलच्या पुढे जाते आणि .४५८ विंचेस्टर मॅग्नम ८० च्या घरात. रायफलीला सेकंदाला पाच-सहा मीटरचा वेग अवघ्या दोन-तीन सहस्रांश सेकंदांत मिळतो. त्या क्षणी अर्धा किलोचा स्कोप रिंगांना क्विंटलभराच्या पोत्याइतका जड लागतो. भिंगे, नेम धरायच्या फुलीच्या तारा, स्प्रिंगा, स्क्रू या प्रत्येकावर स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट ओढ पडते, आणि तीही प्रत्येक गोळीला नव्याने.

टिकाऊ स्कोप घेताना काच किती उजळ, वर्धन किती, हे आधी विचारले जाते. इतिहास पाहिल्यावर मला वाटते की पहिला प्रश्न दुसराच असायला हवा: नळीच्या आत हलणारे भाग किती आहेत आणि ते कशाने धरलेले आहेत?

दुर्बिणीतून नेम धरण्याची कल्पना रायफलींपेक्षा खगोलशास्त्राकडून आली. इंग्लंडमधल्या विल्यम गॅस्कॉइन याच्या दुर्बिणीत १६४० च्या सुमारास एका कोळ्याने जाळे विणले. जाळ्याचा धागा नेमका भिंगांच्या केंद्रप्रतलात आला होता, त्यामुळे तो धागा आणि दूरची वस्तू दोन्ही एकदम स्पष्ट दिसले. स्कोपमधल्या फुलीचा उगम तो. पुढे कितीतरी काळ उपकरणांमध्ये खरोखरच कोळ्याचा धागा वापरला जाई. हा धागा विलक्षण बारीक आणि चिवट असतो, पण टेबलावर स्थिर ठेवलेल्या उपकरणात टिकणे वेगळे आणि मागे झेपावणाऱ्या बंदुकीवर टिकणे वेगळे.

बंदुकीवर वापरण्याजोगी दुर्बीण अमेरिकेत १८४० च्या दशकात दिसू लागली. जॉन रॅटक्लिफ चॅपमन या अभियंत्याच्या कल्पना आणि न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाच्या मॉर्गन जेम्स या बंदूक-कारागिराचा हात, यांतून ती घडली. १८५५ पासून सिराक्यूजच्या विल्यम माल्कम यांनी चांगल्या भिंगांच्या नळ्या बनवायला सुरुवात केली. अमेरिकी यादवी युद्धात नेमबाजांनी वापरलेल्या नळ्या याच वळणाच्या होत्या, बोटभर जाड आणि बहुधा बॅरलइतक्याच लांब. या नळ्यांच्या आत समायोजनाचे काहीच नसे. नेम वर-खाली, डावी-उजवीकडे करायचा तर नळीला धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या माउंटचे स्क्रू फिरवून अख्खी नळीच हलवायची. आज हे ओबडधोबड वाटेल, पण भिंगे जागच्या जागी पक्की बसवलेली असल्यामुळे आत सैल होण्यासारखे फारसे काही उरतच नव्हते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लायमन, फेकर, युनर्टल यांच्या लांब नळ्यांनी हीच पद्धत पुढे नेली आणि धक्क्यावर एक उपाय रूढ केला, जो मला आजही फार सुंदर वाटतो. नळी माउंटमध्ये आवळून टाकायचीच नाही. तिला पुढे-मागे सरकू द्यायचे. गोळी सुटली की रायफल मागे जाते आणि नळी जडत्वामुळे जिथे होती तिथेच राहते, म्हणजे रायफलीच्या मानाने पुढे सरकते. नेमबाज मग हाताने ती मागे ओढून पुन्हा जागेवर आणतो. काहींवर हे काम करायला स्प्रिंगही बसवलेली असे. धक्का अंगावर घेण्याऐवजी त्याला वाट करून द्यायची, असा हा विचार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन नेमबाजांच्या स्प्रिंगफील्ड रायफलींवरचा आठपटीचा युनर्टल याच जातीचा होता. लक्ष्यभेदाच्या मैदानावर ही पद्धत उत्तम चालली. शिकारीत ती अडचणीची ठरली, कारण पहिली गोळी चुकल्यावर नळी मागे ओढत बसायला वेळ नसतो, आणि उघड्या सरकत्या नळीवर पाऊस, चिखल, काटक्या हे सगळेच येते.

शिकारीसाठी आटोपशीर स्कोप मध्य युरोपात घडला. ऑस्ट्रियात वनखात्याचे काम पाहणाऱ्या ऑगस्ट फीडलर यांनी १८८० मध्ये व्यवहारात चालणारा स्कोप तयार केला, असे मानले जाते. व्हिएन्नात कार्ल काहलेस यांनी १८९८ मध्ये कारखाना काढला आणि १९०० मध्ये त्यांचा ‘टेलोरार’ बाजारात आला. जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकाऱ्याला पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात मचाणावरून रानडुक्कर किंवा हरिण दिसायला हवे होते. त्यामुळे तिकडे भर उजेडावर, जाड खुणांच्या फुलीवर आणि आकड्यांनी अडकणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या माउंटवर राहिला. त्यांच्या काडतुसांचा धक्काही बेताचा होता.

डोळ्याचा प्रश्न पहिल्या महायुद्धाच्या आसपास उघडा पडला. अमेरिकन सैन्याने घेतलेला वॉर्नर अँड स्वेझीचा ‘मस्केट साइट’, म्हणजे १९०८ चा सहापटीचा आणि नंतर १९१३ चा ५.२ पटीचा, हा प्रिझमचा स्कोप होता. तो बनवणारे लोक खगोलशास्त्रीय दुर्बिणींसाठी नावाजलेले होते. पण स्पष्ट चित्र दिसण्यासाठी डोळा मागच्या भिंगापासून जेमतेम चार सेंटीमीटरवर न्यावा लागे. भुवईला इजा होऊ नये म्हणून रबरी वाटी लावली होती, तर ती डोळ्याभोवती हवाबंद चिकटून बसायची. चाप ओढताना आता काय होणार हे माहीत असलेला माणूस दचकतो, आणि दचकलेल्याचा नेम जातो. माउंटही कालांतराने ढिले पडत. भिंग आणि डोळा यांच्यातल्या या अंतराला आपण आय रिलीफ म्हणतो. जड रायफलीवर ते ९ ते १० सेंटीमीटर असावे, हा आजचा व्यवहार अशा कपाळमोक्षांतूनच पक्का झाला.

त्याच काळात दुसरीकडे काडतुसे वाढत होती. जॉन रिग्बी यांचे .४५० नायट्रो एक्सप्रेस १८९८ मध्ये आले, .४१६ रिग्बी १९११ मध्ये आणि .३७५ एच अँड एच १९१२ मध्ये. हत्ती, रानरेडा अशा प्राण्यांसाठीच्या या रायफलींवर बहुतेक शिकारी उघड्या साइट्सच, म्हणजे बॅरलवरच्या बिनभिंगाच्या खुणा, वापरत. त्याला जुनाट हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. अंतर पन्नास पावलांच्या आतले आणि तेव्हाच्या स्कोपची खात्री कुणालाच नाही, अशा वेळी बिघडू शकणारी वस्तू रायफलीवर न ठेवणे शहाणपणाचेच होते.

खरे वळण अमेरिकेत १९२० आणि १९३० च्या दशकांत आले. कॅलिफोर्नियाच्या रुडॉल्फ नोस्के यांनी आतूनच समायोजन होणारे आणि डोळ्यापासून भरपूर अंतर देणारे शिकारी स्कोप बनवले. विल्यम वीव्हर यांचा ‘मॉडेल ३३०’ १९३० मध्ये आला. पाऊण इंच व्यासाची ती बारीक पोलादी नळी माउंटसकट १९ डॉलरला मिळे. युरोपीय स्कोप ज्याला परवडणे शक्य नव्हते अशा सामान्य शिकाऱ्याच्या हातात स्कोप पोचवला तो वीव्हर यांनी. नळी आता रिंगांमध्ये घट्ट बसली आणि समायोजनाच्या गुंड्या नळीवर आल्या.

या सोयीची किंमत लगेच दिसली नाही. झीरो करण्याची, म्हणजे फुली आणि गोळी एकाच बिंदूवर जुळवण्याची, यंत्रणा आत गेली म्हणजे हलणारा भाग आत गेला, आणि बाहेरून दिसेनासा झाला. बाहेरचा माउंट ढिला झाला तर हाताला कळतो. आतली स्प्रिंग दमली तर फक्त गोळी भलतीकडे जाते आणि माणूस स्वतःला, काडतुसाला, वाऱ्याला दोष देत बसतो.

सुरुवातीच्या आतल्या यंत्रणेत गुंडी फिरवली की फुलीच सरकायची. मग ती चित्राच्या मधोमध न दिसता कोपऱ्याकडे दिसे. लोकांना ते खटकले, म्हणून नंतरच्या रचनेत फुली कायम मध्ये ठेवून चित्रच सरकवण्याची युक्ती आली. ती कशी चालते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आजचे जवळजवळ सगळे स्कोप असेच आहेत. पुढच्या भिंगाने उलटी पडलेली प्रतिमा सुलटी करणारी भिंगे एका आतल्या छोट्या नळीत बसवलेली असतात. तिला इरेक्टर ट्यूब म्हणतात. या नळीचे एक टोक बिजागरीसारखे अडकवलेले असते. दुसऱ्या टोकावर एका बाजूने गुंड्यांचे स्क्रू दाब देतात आणि समोरून स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर रेटून धरते. म्हणजे नेम टिकतो तो त्या एका स्प्रिंगच्या जिवावर. धक्क्याने नळी क्षणभर स्क्रूवरून उचलली गेली आणि तंतोतंत त्याच जागी परत बसली नाही, तर झीरो हलला. वर्धन बदलता येणाऱ्या स्कोपमध्ये याच नळीत खाचांवर सरकणारी आणखी भिंगे येतात. वजन वाढते, सांधे वाढतात, स्प्रिंगचे काम वाढते.

जड धक्क्याच्या रायफलींवर अडीच किंवा तीनपटीचे स्थिर वर्धनाचे छोटे स्कोप इतकी वर्षे का टिकून राहिले, याचे उत्तर इथे आहे. सरकणारी भिंगे नाहीत, पुढचे भिंग लहान, एकूण वजन कमी. मोठ्या ५६ मिलिमीटर भिंगाचा स्कोप अंधारात सुरेख दिसतो, पण ते पुढचे काचेचे ओझे नळीच्या टोकाला लोंबते आणि प्रत्येक धक्क्यात रिंगांवर जोर टाकते. बॉश अँड लॉम्ब यांनी १९५० च्या दशकातल्या बॅलव्हार स्कोपमध्ये झीरो करण्याची यंत्रणा पुन्हा माउंटमध्ये नेली होती. बाजाराने ती वाट धरली नाही, याची मला खंत वाटते.

पाण्याचा आणि वाफेचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर सुटला. ओरेगनमध्ये मोजणीची उपकरणे बनवणाऱ्या लेउपोल्ड कंपनीच्या मार्कस लेउपोल्ड यांचा स्कोप शिकारीत आतून धुरकटला आणि हरिण निसटले. १९४७ मध्ये कंपनीने स्वतःचा स्कोप काढला आणि पुढे नळीतली दमट हवा काढून नायट्रोजन भरण्याची पद्धत रूढ केली. याचा धक्क्याशी संबंध आहे. वायू आत राहतो तो रबरी कड्यांमुळे. हजार धक्क्यांनंतर पुढचे भिंग केसभर ढिले झाले तरी आतला नायट्रोजन निसटतो, आणि थंड सकाळी काच आतून दवाने भरते. स्कोप फुटला असे कुणी म्हणत नाही, पण त्या दिवसापुरता तो निकामीच असतो.

मग १९५६ मध्ये .४५८ विंचेस्टर मॅग्नम आणि १९५८ मध्ये .३३८ विंचेस्टर मॅग्नम आणि .४६० वेदरबी मॅग्नम अशी काडतुसे आली. जे धक्के पूर्वी मोजक्या महागड्या रायफलींपुरते होते ते कारखान्यात बनलेल्या बोल्ट-ॲक्शन रायफलींवर आले, आणि त्यांवर स्कोप बसवणे ही आता सर्वसाधारण गोष्ट झाली होती. दुबळा दुवा बऱ्याचदा स्कोप नसून बेसचे, म्हणजे रिंगांखाली रायफलीवर बसवलेल्या पट्टीचे, स्क्रू होता. अमेरिकन रायफलींवर रूढ असलेला ६-४८ स्क्रू साडेतीन मिलिमीटर जाडीचा असतो. जड रायफलींवर कारागीर छिद्र वाढवून ८-४० स्क्रू घालू लागले, जो चार मिलिमीटरच्या वर जातो. फरक दिसायला नगण्य, पण छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. १९६८ च्या रुगर एम ७७ सारख्या रायफलींनी तर बेसची भानगडच मिटवली. रिंगा थेट रिसीव्हरमध्ये, म्हणजे बॅरलमागच्या पोलादी सांगाड्यात, कोरलेल्या खाचांत बसतात, आणि ओढ स्क्रूवर न येता पोलादावर येते. अमेरिकन लष्कराने १९९५ मध्ये ठरवलेल्या पिकाटिनी रेलच्या, म्हणजे रायफलीवरच्या प्रमाणित पट्टीच्या, आडव्या खाचाही तेच काम करतात. मात्र रिंग आवळण्यापूर्वी तिला खाचेत पुढे, म्हणजे बॅरलच्या तोंडाकडे, सारून टेकवावे लागते. स्कोप सरकायला पाहतो तो पुढेच. मध्ये जागा राहिली तर पहिल्या धक्क्यात ती भरून निघते आणि झीरो जातो.

दुकानात ‘मॅग्नमप्रूफ’ म्हणून विकलेला स्कोप साध्या स्प्रिंगच्या एअर रायफलवर शंभर गोळ्यांत खिळखिळा होतो, तेव्हा लोक चक्रावतात. कारण दिशेत आहे. एअर रायफलमध्ये पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन पुढच्या भिंतीवर आदळून थांबतो तेव्हा बंदूक झटक्यात पुढे जाते. फक्त मागच्या धक्क्यासाठी आधार दिलेली भिंगे या उलट झटक्याने निसटतात. जड रायफलीच्या बॅरलच्या तोंडाशी वायू वळवणारा मझल ब्रेक लावला की खांद्याला आराम मिळतो, पण वायू मागे वळवल्याने रायफलीला पुढची ओढ बसते, आणि स्कोपला तोच दुहेरी झटका काही अंशी सोसावा लागतो. ब्रेक लावला म्हणून हलका स्कोप चालेल, हा हिशेब म्हणून चुकतो.

अलीकडे कारखाने यंत्रावर हजारो कृत्रिम धक्के देऊन स्कोप तपासतात. फुली तारेची न ठेवता काचेवर कोरतात, म्हणजे तुटायला तारच नाही. इरेक्टर ट्यूबला एकाऐवजी अनेक बाजूंनी स्प्रिंगचा आधार देणाऱ्या रचनाही आल्या आहेत. एक ते चार पटीचे, पुढे न फुगणाऱ्या सरळ नळीचे स्कोप यामुळे .३७५ च्या वर्गात विश्वासाने वापरले जातात. हाती स्कोप आला की मी एकच कसोटी मानतो: त्याच रायफलीवर, त्याच काडतुसांच्या निदान चाळीस गोळ्या, आणि मग पुन्हा कागदावर झीरो. त्यानंतर गुंड्या वीस खुणा फिरवून परत आणायच्या आणि गोळी जुन्या छिद्राशेजारीच पडते का ते पाहायचे.

धोक्याच्या प्राण्यांमागे जाणारे लोक इतके होऊनही स्कोप झटक्यात काढता येणाऱ्या माउंटवर बसवतात, आणि खाली बॅरलवर उघड्या साइट्स झीरो करून तयार ठेवतात.